घरच्या कार्यशाळेसाठीं मापाचीं साधनें : थोड्या पैशांत खरीं कशीं निवडावीं ?

पूर्वीं शेतकऱ्याच्या अवजारांचें माप गांवच्या सुताराच्या व लोहाराच्या हातांत असे. वीत, हात, तसू व सूत एवढ्यांवर नांगर, कुळव व गाडा तयार होई. आणि लांकडी अवजारांत सूत-अर्धे सूत इकडे तिकडे झालें तरी पाचर मारून काम भागत असे. आतां भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतही पुष्कळ घरीं पॉवर टिलर, पाण्याचा पंप, मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी आली आहे. हीं यंत्रें पाचरीनें भागविणारीं नव्हेत. तीं नादुरुस्त झालीं असतां शिरवळ किंवा पुणें गांठावें लागतें व डोंगराकडील गांवच्या माणसाचा एक दिवस केवळ जाण्यायेण्यांत जातो. म्हणून आमचे अनेक सभासद गोठ्याच्या पडवींत शेगडा, पाने व वेल्डिंगचें यंत्र ठेवून घरींच दुरुस्ती करूं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ठोकण्याजोडण्याचीं हत्यारें जितक्या हौसेनें घेतलीं जातात, तितक्या विचारानें मापाचीं साधनें घेतलीं जात नाहींत, असें आमच्या दृष्टीस आलें आहे. यास्तव या विषयावर हा पाठ देत आहों.

एक चुकलेलें माप

आरंभीं आमचीच एक चूक सांगतों. गेल्या आषाढांत एका सभासदाच्या टिलरच्या आंसावरील बेअरिंगची बैठक झिजली. दुसऱ्या बाजूची बैठक चांगली होती, तेव्हां तिचें माप घेऊन त्याप्रमाणें झिजलेली बाजू भरून लेथवर उतरवावी असें ठरलें. माप आम्हीं घेतलें. कपाटांत असलेला एक जुना व्हर्नियर काढला, त्याचे जबडे मिटून शून्याची रेघ जुळते हें पाहिलें, आणि जबड्यांच्या टोकांत आंस धरून २९.८२ मिलिमीटर हा आंकडा कागदावर लिहून दिला. लेथवाल्यानें आपल्या मायक्रोमीटरनें तपासून बरोबर तेवढाच आंस करून दिला. त्याच्याकडे लवमात्र दोष नव्हता.

बेअरिंग आंसावर हातानें सहज सरकलें. ही सूचना होती, पण चिखलणीच्या गर्दींत ती कोणी घेतली नाहीं. दुसऱ्या दिवशीं बेअरिंगची आंतली कडी आंसावरच फिरूं लागली, बैठक तापली व खाल्ली गेली. पुन्हा आंस काढणें, भरणें, उतरविणें यांत पांच दिवस गेले. लावणीस तयार असलेलें पंचवीस दिवसांचें रोप तिशीस पोंचलें, ठरविलेल्या बायामाणसें दुसऱ्याच्या खाचरांत गेलीं. वयस्क रोपास फुटवे कमी येतात हें भातकऱ्यास सांगावयास नको. दुरुस्तीचा दुसरा खर्च संस्थेनें सोसला, परंतु गेलेले दिवस आम्ही भरून देऊं शकलों नाहीं.

मागाहून तो व्हर्नियर उजेडासमोर धरला, तेव्हां उलगडा झाला. मिटलेले जबडे मुळाशीं चिकटत होते, पण टोकांशीं झिजून तेथें फट पडली होती; तिच्यांतून उजेड स्पष्ट दिसे. त्यामुळें शून्य बरोबर दिसूनही टोकांत धरलेली वस्तु जवळ जवळ ०.१८ मिलिमीटरनें कमी भरत होती. दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. बेअरिंगचा क्रमांक ६२०६ होता, आणि त्या क्रमांकाचें भोंक ३० मिलिमीटरचें असतें. क्रमांकच माप सांगत होता; आम्हीं तो विचारला नाहीं. पुढील सर्व पाठ या चुकीवरूनच निघाला आहे.

कोणत्या कामास किती बारीक माप ?

महाग साधन म्हणजे चांगलें साधन, ही समजूत प्रथम टाकावी. ज्या कामास जेवढी बारीकी लागते तेवढी देणारें व खरें बोलणारें साधन तेंच चांगलें.

गोठ्याची चौकट, फाटक, पाइपाची लांबी यांस एक मिलिमीटरची बारीकी पुरे. पट्टा, पुली, कळ (की) व बोल्ट ओळखण्यास मिलिमीटरचा दहावा भाग पुरतो. आंस व बेअरिंग यांच्या बैठकीस मात्र शंभरावा भाग पाहावा लागतो. फिरत्या ३० मिलिमीटरच्या आंसाची बैठक भोंकाच्या नांवाच्या मापाहून साधारणपणें ०.००२ ते ०.०१५ मिलिमीटर जाड ठेवतात, म्हणजे बेअरिंग दाबून बसतें व सरकत नाहीं. माणसाचा केंस साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो. आमची ०.१८ ची चूक दोन केंसांएवढी होती, आणि तिनें लावणी चुकविली.

जुन्या इंजिनांचीं मापें इंचांत व नव्या यंत्रांचीं मिलिमीटरांत असतात. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तरी बाजारांत इंच व सूत अद्याप बोलले जातात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, व इंचाचा आठवा भाग जें सूत तें ३.१७५ मिलिमीटर, हें पाठ असावें.

पट्टी, गुण्या व पाणसळ

पहिली खरेदी ३०० मिलिमीटरच्या पोलादी पट्टीची करावी. रेघा रंगविलेल्या नसून कोरलेल्या असाव्या, कारण रंग तेलानें व घासण्यानें जातो. पट्टीचें टोंक पडून झिजतें. म्हणून टोंकापासून न मोजतां १० मिलिमीटरच्या रेघेपासून मोजावें व शेवटीं १० वजा करावे.

गुण्या घेतांना दुकानांतच तपासावा. सरळ कडेच्या फळीस गुण्या लावून एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर त्या फांकीच्या निम्मा त्याचा दोष. पाणसळीची परीक्षाही अशीच आहे. एका जागीं बुडबुडा पाहावा, मग पाणसळ टोंकास टोंक फिरवून त्याच जागीं ठेवावी. बुडबुडा पूर्वींच्याच बाजूस तितकाच सरकला तर जागा तिरपी आहे; उलट बाजूस गेला तर पाणसळ खोटी आहे. पंपाचा पाया घालतांना या एका परीक्षेनें पुढचा पुष्कळ त्रास वांचतो. चौथऱ्याचा काटकोन पाहण्यास ३, ४ व ५ फुटांची दोरी पुरते, त्यास पैसा लागत नाहीं.

व्हर्नियर

घरच्या कार्यशाळेस एकच बारीक साधन घेणें शक्य असेल तर तें १५० मिलिमीटरचा पोलादी व्हर्नियर असावा. पिएर व्हर्निये या फ्रेंच गृहस्थानें १६३१ सालीं ही युक्ति प्रसिद्ध केली, आणि तींत बिघडण्यासारखें फार थोडें असल्यामुळें ती आजवर टिकली आहे.

तिचें तत्त्व सोपें आहे. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरच्या अंतराचे सरकत्या पट्टीवर ५० समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटर होतो, म्हणजे मुख्य पट्टीच्या एका भागाहून ०.०२ नें कमी. हेंच त्या साधनाचें लघुतम माप. वाचण्याची रीत अशी : सरकत्या पट्टीचें शून्य ज्या पूर्ण मिलिमीटराच्या पुढें गेलें असेल तो आंकडा आधीं घ्यावा, मग सरकत्या पट्टीची कितवी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशीं सरळ जुळते तें पाहून तिला ०.०२ नें गुणावें. शून्य २९ च्या पुढें असून ४१ वी रेघ जुळली, तर २९ + ०.८२ = २९.८२ मिलिमीटर.

आंकडे दाखविणाऱ्या डिजिटल व्हर्नियराकडे मन ओढतें, व डोळे मंद झालेल्यांस तो सोयीचाही आहे. परंतु तो ०.०१ पर्यंत आंकडा दाखवितो याचा अर्थ तो तितका खरा असतो असा नव्हे. चांगल्या जातीच्या साधनांतही ०.०२ ची चूक क्षम्य धरलेली असते. स्वस्त डिजिटल साधनाचा सेल न वापरतांही उतरतो आणि पावसाळी दमटपणांत आंकडे उड्या मारूं लागतात. प्लॅस्टिकच्या अंगाचा व्हर्नियर तर दाबानें वांकतो. पाइप व पट्टे यांपुरता तो ठीक, आंसास नव्हे. घड्याळासारख्या तबकडीचा व्हर्नियर वाचण्यास सोपा, पण त्याच्या दांत्यांत कोंडा व धूळ शिरते. भाताच्या मळणीजवळ त्याचें आयुष्य थोडें. या कारणांनीं आमची शिफारस साध्या रेघांच्या पोलादी व्हर्नियराचीच आहे.

घेतांना पुढील परीक्षा कराव्या. जबडे पुसून मिटावे व उजेडासमोर धरावे. मुळापासून टोंकापर्यंत कोठेंही उजेडाची रेघ दिसूं नये. शून्यें जुळावीं. सरकती पट्टी सर्व लांबीभर सारखी सरकावी, मध्येंच अडकूं किंवा डगमगूं नये. व्हर्नियरासाठीं भारतीय मानक आय.एस. ३६५१ आहे, वेष्टनावर त्याचा उल्लेख असल्यास उत्तम. पुण्याच्या जुन्या बाजारांत नामांकित बनावटीचीं वापरलेलीं साधनें मिळतात व कित्येक फार चांगलीं असतात. पण तेथें नांव पाहून पैसे देऊं नयेत, उजेड पाहून द्यावे.

मायक्रोमीटर

बेअरिंगच्या बैठकीचा शेवटचा निर्णय व्हर्नियरावर सोडूं नये; त्यास मायक्रोमीटर पाहिजे. पॅरिसच्या पामर नांवाच्या कारागिरानें १८४८ सालीं याच्या आजच्या रूपाचें पेटंट घेतलें. यांतील मळसूत्र एका फेऱ्यांत अर्धा मिलिमीटर सरकतें व फिरत्या नळीवर ५० भाग असतात, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटरचा.

येथें पुष्कळांची फसगत होते. बाजारांत सर्वांत स्वस्त मिळतो तो ० ते २५ मिलिमीटरचा, आणि आपल्या टिलरचा आंस असतो ३० चा. घेण्यापूर्वीं आपल्या यंत्रांचे बेअरिंग-क्रमांक लिहून काढावे. क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांस ५ नें गुणावें, म्हणजे भोंकाचें माप निघतें : ६२०४ चें २०, ६२०५ चें २५, ६२०६ चें ३० मिलिमीटर. २० चे आंस असतील तर ० ते २५ चा मायक्रोमीटर घ्यावा. ३० चे असतील तर २५ ते ५० चा. या दुसऱ्याबरोबर शून्य तपासण्याची २५ मिलिमीटरची कांडी मिळते. ती हरवल्यास मायक्रोमीटराचें खरेंखोटें कळण्याचा मार्ग बंद होतो.

मापतांना नळी पिळूं नये. मागील खटक्याची मूठ दोनतीनदां वाजेपर्यंतच फिरवावी. आंस एकाच जागीं न मोजतां काटकोनांत दोनदां, व बैठकीच्या दोन्ही टोंकांस मोजावा. दोन दिशांचीं मापें निराळीं आलीं तर तो लंबगोल झिजला आहे. दोन टोंकांचीं निराळीं आलीं तर निमुळता.

लेथवरून नुकताच उतरलेला ऊन आंस मोजूं नये. पोलाद दर अंशास आपल्या लांबीच्या दहा लक्षांश भागांपैकीं सुमारें साडेअकरा भाग वाढतें. ३० मिलिमीटरचा आंस ४० अंशांनीं ऊन असला तर जवळ जवळ ०.०१४ मिलिमीटर फुगलेला असतो, म्हणजे बैठकीची सर्व सवलत तेथेंच संपली. गार झाल्यावर तो ढिला भरतो व दोष उगाच लेथवाल्याच्या माथीं येतो.

फीलर गेज व आट्यांचें गेज

इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट पाहण्यास पातळ पोलादी पानांचें फीलर गेज लागतें. ०.०५ पासून १ मिलिमीटरपर्यंतचीं पानें असलेला जुडगा पुरे. किती फट ठेवावी तें यंत्राच्या पुस्तिकेंत असतें. तोच आंकडा घ्यावा, शेजारच्याच्या इंजिनाचा घेऊं नये. पान हलक्या घर्षणानें सरकावें. वांकलेलें किंवा गंजलेलें पान जाड भरतें, तें काढून टाकावें.

बोल्टाच्या आट्यांचें गेजही स्वस्त आहे व फार पैसे वांचवितें. एम १० बोल्टाच्या नेहमींच्या आट्यांत १.५ मिलिमीटर व एम १२ च्यांत १.७५ मिलिमीटर अंतर असतें. अर्ध्या इंचाचा जुना व्हिटवर्थ बोल्ट जाडींत एम १२ च्या जवळ येतो, पण त्याचे आटे इंचास १२ असतात. एकाचें नट दुसऱ्यावर दोन फेरे चढतें, मग पान्यानें जोर केला कीं दोन्ही फुकट जातात.

पाइपांच्या बाबतींत नांव व माप एक नव्हे, हेंही लक्षांत ठेवावें. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो, अर्धा इंची २१.३. शेतांतील पी.व्ही.सी. पाइपाचें नांव मात्र बाहेरच्या मापावरच असतें. ६३ चा म्हणजे बाहेरून ६३ मिलिमीटर. व्ही-पट्ट्यांत ए जातीची वरची रुंदी १३, बी ची १७ व सी ची २२ मिलिमीटर असते. हीं मापें कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावींत.

घरचें प्रमाण

साधन खरें कीं खोटें हें पाहण्यास कारखान्यांत प्रमाणठोकळे असतात. ते शेतकऱ्यास परवडत नाहींत. परंतु चांगल्या कंपनीचें नवें बेअरिंग हाच एक प्रमाणठोकळा आहे. ६२०६ चें बाहेरचें माप ६२ मिलिमीटर असून तें त्याहून फार तर ०.०१३ नें कमी असतें, व भोंक ३० हून फार तर ०.०१० नें कमी असतें. त्यावर व्हर्नियर लावावा. बाहेरच्या जबड्यांनीं ६२ व आंतल्या जबड्यांनीं ३० आलें, मुळाशीं व टोंकाशीं तेंच आलें, तर साधन विश्वासास पात्र समजावें. आमच्या कपाटांत असें एक बेअरिंग असतें तर आंसाचें माप देण्यापूर्वींच टोकांची झीज उघड झाली असती. हें बेअरिंग मात्र यंत्रांत घालावयाचें नाहीं. बनावट मालाची शंका असेल तेथून तें घेऊंही नये.

पावसाळ्यांतील जपणूक

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशीं चार महिने भिंतींस ओल असते. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धां एका रात्रींत पोलादावर उमटतात. काम झालें कीं साधन कोरड्या कापडानें पुसावें, पातळ तेलाचा हात द्यावा, जबडे किंचित उघडे ठेवून डबींत ठेवावें. मिटून ठेवल्यास मध्यें ओल धरते. डबी चुलीच्या फळीवर नको व खताच्या पोत्यांजवळ तर नकोच, कारण खतांतील क्षार लोखंड खातात. डिजिटल साधनाचा सेल काढून ठेवावा. मापाच्या साधनानें खरवडणें, खुणा करणें किंवा फिरता आंस मोजणें हे तीन गुन्हे घरांतील मुलांसही माहीत असावेत.

कोणत्या क्रमानें घ्यावें ?

पहिल्या वर्षीं पट्टी, गुण्या, पाणसळ, फीलर गेज व आट्यांचें गेज घ्यावें. यांचा दर शेंकड्यांत असतो. दुसऱ्या खेपेस चांगला व्हर्नियर व परीक्षेचें बेअरिंग घ्यावें. मायक्रोमीटर ज्याचीं दोन तीन यंत्रें आहेत त्यानेंच स्वतंत्र घ्यावा. इतरांनीं चारपांच घरांत मिळून एक घ्यावा, किंवा आमच्या संस्थेसारख्या संस्थेनें ठेवावा. आंसाची वांक पाहण्याचें डायल गेज व त्याचें चुंबकी बैठकीचें स्टँड वर्षांतून दोनदां लागतें. तें सामाईकच असावें. सामाईक साधन कोणी नेलें, कधीं परत आलें व परत येतांना बेअरिंगवर काय भरलें, हे तीन रकाने वहींत असले म्हणजे भांडण होत नाहीं.

आमच्या पुष्कळ घरांत आय.टी.आय. शिकलेला किंवा शिरवळ-भोसरीच्या कारखान्यांत असलेला एखादा मुलगा आहे. व्हर्नियर त्याच्या रोजच्या हातांतला. सुटीवर घरीं आल्यावर त्यानें वडिलांस व धाकट्या भावंडांस अर्धा तास बसवून माप वाचावयास शिकवावें. वडिलांनींही यांत कमीपणा मानूं नये. लेथवाल्याकडे आंकडा लिहून न्यावयाचा तो आपल्या हातानें तीनदां घेतलेला असावा.

अभ्यास

१. आपल्या घरचा व्हर्नियर मिटून उजेडासमोर धरा. फट दिसल्यास ती मुळाशीं आहे कीं टोंकाशीं, तें लिहा.

२. सरकतें शून्य १९ च्या पुढें आहे व ४८ वी रेघ जुळते. माप किती ? हा आंस कोणत्या क्रमांकाच्या बेअरिंगचा असावा, व तो झिजला आहे काय ?

३. आपल्या सर्व यंत्रांचे बेअरिंग, पट्टे व ऑइल सील यांचे क्रमांक एका वहींत उतरून घ्या. हें काम वैशाखांत करावें. आषाढांत सवड मिळत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर १९.९६ मिलिमीटर, बेअरिंग ६२०४. व्हर्नियरापुरतें पाहतां आंस ०.०४ नें कमी आहे, म्हणजे बैठक बहुधा झिजली आहे. तथापि ती भरण्यास देण्यापूर्वीं ० ते २५ च्या मायक्रोमीटरनें खात्री करून घ्यावी. ज्या सभासदांस आपला व्हर्नियर तपासून पाहिजे असेल त्यांनीं तो मासिक सभेच्या दिवशीं घेऊन यावा. परीक्षेचें बेअरिंग आतां आमच्या कपाटांत ठेवलें आहे.